लाकडी खांबांचं जुनं घर आणि गोठा: पाहणी पावसात, दुरुस्ती पाऊस गेल्यावर

जुन्या लाकडी घराची पाहणी जुलैत करायची. बाहेर पाऊस कोसळत असताना टॉर्च आणि पांढरा खडू घेऊन माळ्यावर चढायचं आणि कौलांखाली तासभर गप्प बसायचं. मी दर वर्षी बसते. पाणी कुठून शिरतं, कुठल्या वाशाच्या पोटावरून घसरतं आणि कुठे टिपकतं हे फक्त तेव्हाच दिसतं. थेंब पडतो ती जागा आणि कौल फुटलेली जागा क्वचितच एक असते. आमच्या माजघरात टिपकणारं पाणी आढ्याजवळून, म्हणजे छपराच्या सगळ्यात उंच कण्याजवळून, आत येत होतं आणि वाशावरून सहा-साडेसहा फूट उतरून मग खाली पडत होतं. मे महिन्यात कोरड्या छपराकडे बघून कितीही जाणता कारागीर हे सांगू शकणार नाही. म्हणून पाण्याच्या प्रत्येक वाटेवर खडूने खूण करायची, पुढे साल लिहायचं, आणि खाली यायचं. पावसात एवढंच काम.

आमचं घर भांडुप गावात, रेल्वेच्या पूर्वेला, खाडीकडच्या अंगाला. आज्याच्या वेळेस मागे भाताची खाचरं होती आणि त्यांच्यापलीकडे मिठागरं. घर पाच खणी, म्हणजे खांबांच्या ओळीत पाच गाळे. पुढे ओटी, मध्ये माजघर, मागे पडवी, आणि उत्तरेला सुटा गोठा. शेती संपली, शेवटची म्हैस गेली त्यालाही वीस वर्षं होऊन गेली, पण घर आणि गोठा दोन्ही उभे आहेत. मुंबईच्या गावठाणांत अशी घरं अजून आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांना येणारा प्रत्येक ठेकेदार दोनच गोष्टी सांगतो: पाडा, नाहीतर सिमेंट करून घ्या. दुसरी गोष्ट आम्ही ऐकली आणि त्यापायी ओटीचा एक खांब गमावता गमावता वाचवला. तुमच्या घरात तसं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी घर कशावर उभं आहे ते बघा

घराला हात लावण्यापूर्वी भार कुठून कुठे उतरतो ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. कौलं रिपांवर, म्हणजे आडव्या लाकडी पट्ट्यांवर, बसलेली असतात, रिपा उतरत्या वाशांवर, वाशांचं वरचं टोक आढ्यावर आणि खालचं टोक आडव्या तुळईवर. तुळया खांबांच्या माथ्यावर, खांब तळखड्यावर, तळखडा जोत्यात, म्हणजे घराच्या उंच चौथऱ्यात. तळखडा म्हणजे खांबाखालचा घडीव दगड; आमच्याकडे तो काळ्या पाषाणाचा आहे, जमिनीपासून चार-पाच बोटं वर आलेला.

या सगळ्या साखळीत भिंत नाही, हे नीट लक्षात घ्या. मधल्या विटा किंवा कूड, म्हणजे शेणमातीने लिंपलेल्या काठ्या, हे खांबांमधलं भरण असतं. खात्री करायची असेल तर भिंतीच्या माथ्यावर, तुळईखाली, पातळ सुरी सरकवून बघा. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी ती सहज आरपार जाते, कारण तुळई भिंतीवर टेकलेलीच नाही. म्हणून अशा घरात भिंत काढून खिडकी मोठी करता येते, पण ‘हॉल मोकळा दिसेल’ म्हणून खांब काढता येत नाही. आमच्या आळीतल्या एका घरात मधला खांब कापून लोखंडी पाइप लावला. पाइप बारीक, त्याच्या माथ्यावर हस्त नाही, म्हणजे तुळईचा भार पसरून घेणारा आडवा लाकडी तुकडाच नाही. सगळा भार एका मुठीएवढ्या जागेवर आला आणि तुळई तिथे दबून चिरली.

सांध्यांकडेही बघा. जुन्या कामात खांबाच्या माथ्याला कुसू काढलेलं असतं, म्हणजे लाकडाचीच जाड जीभ, आणि ती तुळईच्या खाचेत बसवून आडवी लाकडी खुंटी मारलेली असते. खिळा नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. खुंटी सैल झाली असेल तर काढून तशाच लाकडाची नवी, कोरडी खुंटी ठोका. ‘ताई, एक पट्टी मारून टाकतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. अगदीच लोखंड लागणार असेल तर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्या.

खांबाचा पाया

घरातलं सगळ्यात नाजूक ठिकाण खांबाच्या तळाची शेवटची एक फूट. पाऊस लागलेलं लाकूड वारा लागला की सुकतं आणि काही बिघडत नाही. लाकूड कुजवणारी बुरशी वाढायला लाकडात ओल टिकून राहावी लागते. ओलीचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली राहिलं तर ती वाढत नाही. म्हणजे ओल शिरते की नाही यापेक्षा ती निघून जाते की नाही हे महत्त्वाचं. आजा एवढंच म्हणायचा, “लाकूर भिजू दे, पन सुकाला जागा ठेव.”

आम्ही ती जागा बुजवली. ओटीला लाद्या बसवायच्या होत्या. ठेकेदार म्हणाला, खांबाला खालून काँक्रीटचा बूट घालू, वाळवी लागणार नाही, दिसायलाही बरं. दीड फूट उंच बूट झाला, वर गुळगुळीत गिलावा, तळखडा आत गडप. पहिली तीन-चार वर्षं काही कळलं नाही. मग माजघराचं दार घासायला लागलं. आम्ही दार रंधून घेतलं. पुढच्या वर्षी परत घासायला लागलं. तेव्हा सुतारमामांना बोलावलं. ते मूळचे राजापूरकडचे, आता कळव्याला राहतात. त्यांनी दाराकडे पाहिलंच नाही. ओटीच्या कोपऱ्यातून तुळईखाली दोरी ताणली आणि म्हणाले, “ताई, दार सरळ आहे. वरची तुळई बसलीय.”

छिन्नीने काँक्रीट फोडलं. आतला खांब हाताला थंडगार लागला. मामांनी पटाशीचं, म्हणजे सुताराच्या छिन्नीचं, टोक टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं, आणि बाहेर आलं ते काळं, ओलं, भिजलेल्या चहापत्तीसारखं काहीतरी. बर्मा सागाचा सहा इंची खांब, आणि तळाच्या फूटभरात लाकूड म्हणावं असं काही उरलं नव्हतं. वरून येणारं पाणी खांब आणि काँक्रीट यांच्या फटीत उतरत होतं, खालून काँक्रीट जमिनीची ओल ओढत होतं, आणि बाहेर पडायला वाट नव्हती. काळा पाषाण पाणी फारसं शोषत नाही, म्हणून जुन्या लोकांनी खांबाखाली तो घातला होता.

वाळवीबद्दलही बूट घालण्याचं कारण उलटंच आहे. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही, पण त्याच्या अंगावरून मातीची वाट बांधत वर चढते आणि आंब्याच्या रिपा, सालीलगतचं पांढरं लाकूड खाते. तळखडा उघडा असेल तर ती वाट डोळ्यांना दिसते आणि खराट्याने मोडता येते. झाकला की वाळवी आतून जाते.

तपासणी अशी करा. प्रत्येक खांबाच्या तळाशी, चारही बाजूंनी, बारीक टोकदार पटाशी किंवा जाड दाभण दाबा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त आत गेलं तर खांब आजारी आहे. मग कोयत्याच्या पाठीने तळापासून वर ठोकत जा. धड लाकूड टणटण वाजतं, पोकळ लाकूड भद्द. आवाज कुठे बदलतो तिथे खडूने रेघ मारा. शेवटी वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडून खांब किती कलला आहे ते मोजा आणि वहीत लिहा. पुढच्या वर्षीच्या आकड्याशी ताडता येतं, आणि जुना थांबलेला कल आणि चालू असलेला कल यांतला फरक कळतो. आमचा पडवीचा एक खांब पाऊण इंच कललेला आहे, पण आठ वर्षांत तो आकडा हललेला नाही. त्याला आम्ही हात लावत नाही.

तुळई उचलणं

हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर करा. जाणता सुतार हवाच, आणि तुळई आडवी चिरलेली असेल किंवा एकापेक्षा जास्त खांब गेले असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय जॅक लावू नका. गावठाणातल्या घराच्या दुरुस्तीसाठी वॉर्ड ऑफिसात काय परवानगी लागते ते आधी विचारून घ्या. प्रॉपर्टी कार्डाचा उतारा आणि मालमत्ता कराची पावती हाताशी ठेवा. त्या भागातला विजेचा मेन बंद करा. तुळईला टेकलेल्या जुन्या वायरी ताण आला की तुटतात.

आधी धीरे द्यायचे. आजारी खांबाच्या दोन्ही बाजूंना, दोनेक फुटांवर, तुळईखाली जाड बल्ल्या उभ्या करतात. वाशाखाली कधीच नाही. धीऱ्याखाली दोन इंची, तीन फूट लांब फळी घाला, नाहीतर लादी फुटते किंवा धीरा जमिनीत बसतो. धीरा आणि तुळई यांच्यामध्येही लाकडाचा तुकडा हवा. मग धीऱ्याखाली ट्रकचा बाटली जॅक.

आमची तुळई दीड इंच बसली होती, म्हणजे बारा सूत. मामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दिवसाला दोन सुतांच्या वर नाही. सकाळी दांडा जेमतेम हलवायचा, थांबायचं, सगळ्यांनी गप्प राहून ऐकायचं. लाकूड आधी बारीक करकरतं. तो आवाज चालतो. कडकन एकच आवाज आला तर थांबून वर चढून सांधे बघायचे. दर वेळी जॅकच्या शेजारी लाकडी पाचरींची जोडी ठोकून घट्ट करायची, म्हणजे जॅक दगा देऊन खाली आला तरी तुळई पाचरींवर राहते. संध्याकाळी एकदा पाचरी परत ठोकायच्या. पाचव्या दिवशी सकाळी आईने माजघराचं दार लोटलं आणि ते आपसूक चौकटीत बसलं. मी ओटीवर होते. तो खटका मला बाहेर ऐकू आला.

नऊ सुतांवर मामांनी काम थांबवलं. तीन सूत राहिले होते, पण वरचे सांधे घट्ट बसले होते आणि खुंट्या ताठ झाल्या होत्या. इतकी वर्षं वाकून बसलेलं लाकूड पूर्ण सरळ करायच्या नादात धडधाकट सांधे फोडायचे नसतात.

मग खांबाला नवा पाय. कुजलेला भाग कापताना धड लाकूड लागल्यावर आणखी तीन-चार इंच वर जायचं, कारण बुरशी डोळ्याला दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. जुना आणि नवा तुकडा सपाट एकमेकांवर ठेवून जोडायचा नाही. दोन्ही अर्धे अर्धे कोरून एकमेकांच्या अंगाला बसवायचे, आणि त्या जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट ठेवायची. सहा इंची खांबाला दीड फूट. आरपार चार बोल्ट, दोन वर, दोन खाली, एका रेषेत नाही. सांध्याचं तोंड असं ठेवा की पाणी त्यात साचणार नाही, बाहेरच्या बाजूला उतरेल.

लाकूड नवं घेऊ नका. नव्या सागात पांढरं लाकूड जास्त असतं आणि ते पुरेसं सुकलेलं नसेल तर बसवल्यावर आकसतं. रे रोडला दारुखान्याच्या बाजूला, लकडा बंदराकडे, पाडलेल्या चाळींचा जुना साग मिळतो. गिरगाव-लालबागच्या चाळी ज्या तुळयांवर उभ्या होत्या तसलं लाकूड, कित्येक दशकं सुकलेलं. जाताना लोहचुंबक घेऊन जा आणि आतले खिळे शोधा, नाहीतर पहिल्याच फटक्यात करवत जाईल. टोकाचा काप बघा: वाढीच्या वर्षांच्या रेषा एकमेकींच्या जवळ आणि रंग सारखा गडद असेल तो तुकडा घ्या. कडेला पांढरट पट्टा असेल तर तेवढा कापून टाकायचा हिशेब धरा.

ओटीच्या लाद्या आम्ही तळखड्याभोवती चार बोटं कापून काढल्या. तिथे आता वाळूचा पट्टा आहे. पाणी पडलं तर खाली जातं, दगड दिसतो, खांबाला हवा लागते.

छप्पर आणि धूर

मंगलोरी कौल म्हणजे मंगळूरजवळ बासेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केलेल्या कारखान्यातून आलेली घडण. नंतर कितीतरी कारखान्यांनी तशीच कौलं काढली, पण प्रत्येकाच्या साच्याची खाच थोडी वेगळी. त्यामुळे बदली कौल आणायला जाताना घरचं एक कौल सोबत न्या आणि दोन्ही एकमेकांत अडकवून बघा. फट राहिली तर घेऊ नका, दिसायला कितीही सारखं असो. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, दीडशेच्या आसपास लागतात. दहा-पंधरा जादा आणून माळ्यावर ठेवा.

शाकारणीच्या, म्हणजे छप्पर नव्याने लावण्याच्या, वेळी कौलं उतरवताना पाठीमागे खडूने ओळ आणि नंबर लिहा. शेवाळ काथ्याच्या ब्रशने काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारला तर कौलाचा वरचा थर जातो आणि ते पाणी प्यायला लागतं. जुलैत केलेल्या खडूच्या खुणा आता उपयोगी पडतात. त्या वाशावर, खुणेच्या वर दोन ओळी आणि डावी-उजवीकडे एक-एक कौल, एवढं नीट तपासलं की बहुतेक गळती सापडते.

छपरातली एक गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. आजीची चूल होती तोवर पडवीचे वासे काजळीने काळे कुळकुळीत होते आणि त्यांना कधी किडा लागला नाही. गॅस आला, धूर गेला, आणि काही वर्षांत वाशांखाली पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. धूर लाकूड कोरडं ठेवायचा आणि किड्याला दूर. आता चूल परत मांडणं शक्य नाही, म्हणून आम्ही बोरॅक्स लावतो: एक भाग बोरिक ॲसिड, दीड भाग बोरॅक्स, दोन्ही मिळून अर्धा किलो, दहा लिटर गरम पाण्यात विरघळवून. लाकूड घासून स्वच्छ करायचं, दोन हात द्यायचे, मधे एक दिवस सुकू द्यायचं. हातमोजे घाला, पोरांना आणि मांजरांना लांब ठेवा. हे पाण्याने धुऊन जातं, म्हणून फक्त आतल्या, न भिजणाऱ्या लाकडाला. बाहेरच्या खांबांना जवसाचं तेल, पातळ हात, दर वर्षी. चकचकीत ऑइलपेंट नको. त्याखाली ओल अडकते.

जोत्याचं पाणी मुंबईत वेगळाच प्रश्न झालाय. गल्ली दर काही वर्षांनी काँक्रीट होते आणि दर वेळी काही इंच वर येते. आमच्या जोत्याच्या तीन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते. लोक मग घरातली जमीन उंच करतात आणि खांबांचे पाय पुरतात. तसं करू नका. जोत्याबाहेर, वळचणीच्या पागोळ्या पडतात तिथे, उघडी नाली काढा आणि वर जाळी टाका.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी आमच्या घरात गुडघाभर पाणी होतं आणि दोन दिवस उतरलं नाही. गोठ्याच्या कुडाची माती विरघळून गेली, नुसत्या काठ्या राहिल्या. खांब तसेच उभे होते. असा पूर आला तर गाळ आधी गोड्या पाण्याने धुऊन काढा, कारण खाडीच्या पाण्यातलं मीठ लाकडात राहिलं तर ते हवेतली ओल ओढत राहतं. आणि भिंती लगेच बुजवू नका. आम्ही गोठा दिवाळीपर्यंत उघडा ठेवला, मगच कूड परत घातला.

गोठा

गोठा घरापेक्षा साधा, पण डोकं जास्त लावून बांधलेला. इथले तळखडे घरातल्या तळखड्यांच्या जवळजवळ दुप्पट उंच, कारण जमीन कायम ओली. फरशी दगडी, गव्हाणीकडून मागच्या नालीकडे उतरती. भिंती कुडाच्या: कारवीच्या, म्हणजे डोंगरातल्या एका झुडपाच्या, काठ्या, वर शेणमाती, आणि माथ्याला वळचणीखाली हातभर उघडी जागा. ती फट राहून गेलेली नाही, मुद्दाम ठेवलेली आहे. गुरांची ऊब आणि दमट हवा तिथून बाहेर जायची, आणि माळ्यावरचा पेंढा कोरडा राहायचा. गोठ्याची खोली करताना लोक पहिली ही फट बंद करतात आणि दोन पावसाळ्यांत वाशांना बुरशी धरते. पक्षी येत असतील तर जाळी लावा, पण हवा बंद करू नका.

कूड दुरुस्त करताना कारवी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून तोडता येत नाही. आम्ही चिरलेला बांबू वापरतो. बोरॅक्सच्या पाण्यात आठवडाभर बुडवून, सावलीत सुकवून. मातीत भाताचा तूस आणि शेण मळून दोन दिवस मुरवलं की भेगा कमी पडतात.

आमच्याकडे झड नैर्ऋत्येकडून येते. मेच्या शेवटी त्या अंगाला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतो, भिंतीला चिकटवून नाही, हातभर पुढे, म्हणजे मधून वारा फिरतो. दसऱ्यानंतर काढतो.

माळ्यावर माजघरावरच्या तिसऱ्या वाशावर खडूच्या तीन खुणा आहेत: २०१९, २०२१, २०२२. २०२३ च्या उन्हाळ्यात मामांनी त्याच्यावरच्या आढ्याची दोन कौलं चुन्यात नव्याने बसवली. तेव्हापासून मी दर जुलैत टॉर्च त्या वाशावर आधी मारते. चौथं साल अजून लिहावं लागलेलं नाही.